किडनी प्रत्यारोपणाची तयारी : एचएलए अहवाल कसा वाचावा आणि रक्त चढवण्यापूर्वी काय विचारावे

किडनी निकामी झालेल्या रुग्णाच्या घरी प्रत्यारोपणाचा विषय निघाला की ‘कुणाची किडनी मॅच होते?’ हाच प्रश्न आधी विचारला जातो. या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न असतात : दात्याचा रक्तगट चालतो का, दोघांच्या ऊतकांची, म्हणजे एचएलएची, जुळणी किती आहे, आणि रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, आधीच तयार आहेत का. आजच्या औषधांच्या काळात यांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत निर्णायक आहे, आणि डायलिसिसच्या काळात फारसा विचार न करता चढवलेल्या रक्ताच्या एखाद-दोन पिशव्यांनीही त्याचे उत्तर बिघडू शकते. उपचाराचा निर्णय अर्थातच नेफ्रॉलॉजिस्टचा असतो. परंतु त्यांना कोणती माहिती द्यायची आणि त्यांच्याकडून काय समजून घ्यायचे, हे कुटुंबाला ठाऊक असेल तर पुढील पुष्कळशी धावपळ टळते.

पायरी १ : रक्ताची आणि गर्भारपणाची नोंद

दाता शोधण्याच्या आधी एक वही करावी. रुग्णाला आजवर केव्हा, कोणत्या रुग्णालयात, कशासाठी आणि किती पिशव्या रक्त चढवले गेले, हे तिच्यात लिहावे. संपूर्ण रक्त होते, फक्त तांबड्या पेशी होत्या की प्लेटलेट्स होत्या, तसेच ते पांढऱ्या पेशी काढण्यासाठी गाळलेले होते का, हेही मिळेल तितके नोंदवावे. जुनी डिस्चार्ज कार्डे आणि रक्तपेढीच्या पावत्या फेकून देऊ नयेत. रुग्ण स्त्री असेल तर सर्व गर्भधारणांची नोंद हवी आणि तीत गर्भपातही धरावेत. ही माहिती सासरच्या मंडळींसमोर सांगणे अनेक स्त्रियांना अवघड जाते; त्यामुळे डॉक्टरांशी किंवा प्रत्यारोपण समन्वयकाशी तिला एकटीने बोलता येईल, अशी व्यवस्था करावी. पूर्वी एखादे प्रत्यारोपण झाले असल्यास त्या दात्याचा एचएलए अहवालही शोधून ठेवावा.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात आणि ती माणसागणिक वेगळी असतात. परक्या एचएलएशी संबंध आला की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. असा संबंध येण्याचे मुख्य मार्ग तीनच आहेत : रक्तसंक्रमण, गर्भधारणा आणि आधीचे प्रत्यारोपण. गंमत अशी की एचएलएचा शोधच या मार्गांनी लागला. अनेकदा रक्त घेतलेल्या रुग्णांच्या रक्तद्रवात इतरांच्या पांढऱ्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडे असतात, हे पॅरिसमध्ये झाँ दोसे यांच्या लक्षात आले आणि १९५८ मध्ये त्यांनी अशा पहिल्या प्रतिजनाचे, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला चिकटतात त्या घटकाचे, वर्णन केले. त्याच वर्षी नेदरलंड्समध्ये योन व्हान रूड यांना आणि अमेरिकेत रोझ पेन यांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात तशीच प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्हणजे ऊतक-जुळणी आणि रक्त चढवणे हे विषय मुळापासूनच एकमेकांत गुंतलेले आहेत, जरी रुग्णालयात त्यांची कागदपत्रे दोन वेगळ्या खिडक्यांवर मिळत असली तरी.

पायरी २ : रक्तगट

येथे फार थांबण्याचे कारण नाही. ‘ओ’ गटाचा दाता कोणालाही चालतो, ‘एबी’ गटाच्या रुग्णाला कोणताही दाता चालतो, ‘ए’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ किंवा ‘ओ’ आणि ‘बी’ गटाच्या रुग्णाला ‘बी’ किंवा ‘ओ’. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, म्हणजे आरएच, किडनीच्या बाबतीत आड येत नाही. ‘बी निगेटिव्ह दाता कुठून आणायचा’ ही चिंता अनाठायी आहे. रक्तगट जुळत नसतानाही पूर्वतयारीचे उपचार करून प्रत्यारोपण करता येते, मात्र त्यात खर्च आणि संसर्गाचा धोका वाढतो.

पायरी ३ : एचएलए टायपिंगचा अहवाल वाचणे

एचएलएची जनुके सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना लागून असतात, त्यामुळे ती सहसा गठ्ठ्यानेच पुढच्या पिढीत जातात. प्रत्येकाला एक गठ्ठा आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. यावरून नात्यांचे गणित सरळ मांडता येते. आईवडील आणि मूल यांची किमान निम्मी जुळणी असतेच. सख्ख्या भावंडांमध्ये पूर्ण जुळणीची शक्यता २५ टक्के, निम्म्या जुळणीची ५० टक्के आणि अजिबात जुळणी नसण्याची २५ टक्के असते. सख्खा भाऊ आहे म्हणजे जुळणारच, हे गृहीतक म्हणूनच चुकीचे आहे. पती-पत्नींमध्ये जुळणी झालीच तर योगायोगाने होते.

किडनीसाठी परंपरेने एचएलएच्या ए, बी आणि डीआर या तीन स्थानांवरचे (ही अक्षरे रक्तगटाची नव्हेत) प्रत्येकी दोन, असे सहा प्रतिजन पाहिले जातात. ‘तीन बाय सहा’ हा शब्दप्रयोग तिथून आला. हल्ली अनेक प्रयोगशाळा सी, डीक्यू आणि डीपीही तपासतात, त्यामुळे अहवालात सहाऐवजी दहा किंवा बारा हा छेद दिसला तर गोंधळू नये. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवताना छेद एकच आहे ना, हे आधी पाहावे.

किती जुळले यापेक्षा दात्याकडे असलेले आणि रुग्णाकडे नसलेले काय आहे, हे मोजणे अधिक उपयोगाचे असते, कारण रुग्णाच्या शरीराला परके वाटणार ते तेवढेच. समजा, रुग्णाकडे ए २ आणि ए २४ आहेत आणि दात्याकडे ए २४ व ए ३३ आहेत, तर या स्थानावर ए ३३ ही एकच विसंगती झाली. दात्याला आईवडील दोघांकडून ए २४ च मिळालेले असेल, तर जुळणारा प्रतिजन एकच दिसेल, पण विसंगती शून्य असेल. वरवर कमी जुळणीचा वाटणारा दाता कधीकधी असा उजवा ठरतो.

सर्व विसंगतींचे वजन सारखे नसते. डीआरची विसंगती ए किंवा बीच्या विसंगतीपेक्षा अधिक त्रासदायक मानली जाते, आणि प्रत्यारोपणानंतर काही वर्षांनी नव्याने तयार होणाऱ्या प्रतिपिंडांमध्ये डीक्यूविरुद्धच्या प्रतिपिंडांचे प्रमाण मोठे असते. रुग्ण पंधरा-वीस वर्षांचा असेल तर या दोन स्थानांकडे विशेष लक्ष द्यावे. त्याला आयुष्यात दुसऱ्या किडनीची गरज लागण्याची बरीच शक्यता असते, आणि पहिल्या किडनीतील विसंगतींविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसरा दाता शोधताना आडवी येतात. साठीच्या रुग्णासाठी हाच मुद्दा दुय्यम ठरतो. त्याला चांगली किडनी लवकर मिळणे महत्त्वाचे.

मग जुळणी कमी असेल तर दाता नाकारावा का? बहुतेक वेळा नाही. ऊतक-जुळणीचे अमेरिकी संशोधक पॉल तेरासाकी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पती किंवा पत्नीने दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनी कार्यरत होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के, तर मृत दात्यांच्या किडन्यांपैकी ७० टक्के. निम्मी जुळणी हमखास असलेले आईवडील आणि जवळपास काहीच न जुळणारे जोडीदार यांत फरक नगण्य होता, कारण दाता जिवंत आणि निरोगी असणे व किडनी शरीराबाहेर फार वेळ न राहणे यांचा लाभ दोघांनाही मिळत होता. जुळणीला किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. इतर सर्व गोष्टी समान असतील तर पूर्ण जुळणारे भावंड आजही सर्वोत्तम दाता असते. मात्र ‘सहापैकी एकच’ असे वाचून पत्नीचा प्रस्ताव बाजूला ठेवणे आणि चांगल्या जुळणीच्या आशेवर डायलिसिसची वर्षे वाढवणे, हे माझ्या मते तोट्याचे आहे, कारण दीर्घकाळ चाललेले डायलिसिस स्वतःच पुढील प्रत्यारोपणाचे यश घटवते.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे नियम येथे लावू नयेत. तेथे दात्याच्या प्रतिकारपेशीच रुग्णाच्या शरीरात रुजवल्या जातात, म्हणून काटेकोर जुळणी लागते. यकृताच्या प्रत्यारोपणात एचएलए जुळणी सहसा पाहिलीच जात नाही. हृदय शरीराबाहेर जेमतेम चार ते सहा तास टिकते, त्यामुळे तेथे जुळणी शोधायला वेळच नसतो, प्रतिपिंडे मात्र पाहिली जातात.

पायरी ४ : प्रतिपिंडांची तपासणी आणि क्रॉसमॅच

टायपिंगचा अहवाल आयुष्यात बदलत नाही, प्रतिपिंडांचा बदलतो. हा फरक मनात पक्का करावा.

१९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी २२५ प्रत्यारोपणांचा आढावा घेतला. रुग्णाचा रक्तद्रव दात्याच्या पांढऱ्या पेशी मारतो का, ही चाचणी, म्हणजे क्रॉसमॅच, ज्या ३० जणांत पॉझिटिव्ह होती, त्यांपैकी २४ जणांची किडनी तत्काळ निकामी झाली होती. उरलेल्या १९५ निगेटिव्ह रुग्णांत ही संख्या फक्त ८ होती. आधीच तयार असलेली प्रतिपिंडे नव्या किडनीच्या रक्तवाहिन्यांवर काही मिनिटांत किंवा तासांत हल्ला चढवतात आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावरच किडनी काळीनिळी पडू शकते. त्या आढाव्यानंतर क्रॉसमॅच ही अनिवार्य तपासणी झाली. रक्तपेढीतही ‘क्रॉसमॅच’ हाच शब्द वापरतात. ती चाचणी वेगळी, तांबड्या पेशींची असते. रक्तपेढीचा कागद दाखवून ‘क्रॉसमॅच झाले’ असे समन्वयकाला सांगू नये.

अहवालांत सामान्यतः पुढील नावे आढळतात. सीडीसी क्रॉसमॅचमध्ये दात्याच्या किती टक्के पेशी मेल्या, हे टी आणि बी या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांसाठी वेगवेगळे दिलेले असते; कोणता आकडा निगेटिव्ह मानायचा, हे प्रयोगशाळेच्या मर्यादेनुसार ठरते. फ्लो क्रॉसमॅच ही अधिक संवेदनशील चाचणी असून सीडीसीतून निसटणारी थोडी प्रतिपिंडेही ती पकडते. पीआरए हा आकडा दात्यांच्या समूहातील किती टक्के लोकांविरुद्ध रुग्णाकडे प्रतिपिंडे आहेत, हे सांगतो. पीआरए ८० असेल तर शंभरांतील सुमारे ऐंशी दाते त्याच्यासाठी बाद झाले. सिंगल अँटिजेन तपासणी प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या प्रतिजनाविरुद्ध आहेत ते दाखवते, आणि ती प्रस्तावित दात्याच्याच प्रतिजनाविरुद्ध असतील तर त्यांना डीएसए म्हणतात. या तपासणीतील काही निष्कर्षांना प्रत्यक्षात फारसा अर्थ नसतो, म्हणून एखादा आकडा पाहून घरीच निराश होऊ नये. सर्व चाचण्यांचा एकत्रित अर्थ डॉक्टरांकडून ऐकावा.

रक्त चढवल्यानंतर प्रतिपिंडे लगेच दिसत नाहीत, त्यांना तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. त्यामुळे रक्त चढवल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिलेल्या नमुन्यावरच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबता येत नाही. क्रॉसमॅच निगेटिव्ह आल्यानंतर आणि शस्त्रक्रियेपूर्वी रक्त चढवावे लागले, तर ती गोष्ट प्रत्यारोपण पथकाला न विसरता कळवावी, म्हणजे चाचणी पुन्हा केली जाईल.

पायरी ५ : रक्त चढवण्याचा प्रश्न

‘प्रत्यारोपणापूर्वी रक्त दिल्याने किडनी जास्त टिकते’ असे विधान जुन्या वैद्यकीय लेखनात सापडते. ते खोटे नव्हते. प्रतिपिंडांच्या भीतीने डॉक्टर रक्त टाळू लागले होते, त्या काळात, १९७३ मध्ये, गेर्हार्ड ओपेल्झ आणि तेरासाकी यांच्या गटाने एक अनपेक्षित निरीक्षण मांडले : आधी रक्त घेतलेल्या रुग्णांच्या किडन्या, अजिबात रक्त न घेतलेल्यांपेक्षा जास्त टिकत होत्या. परक्या पांढऱ्या पेशींशी आधी ओळख झाल्याने प्रतिकारशक्ती काही अंशी मवाळ होत असावी, असा तर्क त्यामागे होता. त्यानंतर अनेक केंद्रांत मुद्दाम रक्त चढवण्याचे धोरण आले. काही ठिकाणी तर जिवंत दात्याचेच रक्त रुग्णाला आधी दिले जाई. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आले आणि नकाराचे, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारण्याचे, प्रमाण इतके घटले की रक्ताचा तो फायदा जवळपास दिसेनासा झाला. प्रतिपिंडे तयार होण्याचा तोटा मात्र जागच्या जागी राहिला. दशकाच्या अखेरीस तांबड्या पेशी वाढवणारे एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन उपलब्ध झाले, तेव्हा रक्ताशिवाय हिमोग्लोबिन वाढवण्याचा मार्गही खुला झाला. त्यामुळे प्रत्यारोपणाची शक्यता असलेल्या रुग्णात टाळता येईल तितके रक्त टाळावे, हाच आजचा मान्य सल्ला आहे.

प्रत्यक्षात हे कसे करावे? हिमोग्लोबिन ६ किंवा ७ वर आल्यावर जागे होण्याऐवजी ते ९ च्या खाली सरकू लागताच डॉक्टरांशी बोलावे. लोहाची पातळी तपासून घ्यावी, कारण लोह कमी असताना एरिथ्रोपोएटिन पुरेसे काम करत नाही. डायलिसिसच्या रुग्णांना लोह बहुधा शिरेतूनच द्यावे लागते. इंजेक्शन महाग म्हणून त्याचे डोस चुकवणे आणि मग रक्त चढवून घेणे, हा क्रम पुष्कळ घरांत दिसतो आणि अंती तोच महाग पडतो. उलट टोकही नको : इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन १३ च्या वर नेल्यास पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून सहसा १० ते ११.५ च्या आसपास थांबतात. डायलिसिसनंतर नळ्यांत रक्त उरून वाया जात नाही ना, चाचण्यांसाठी वारंवार आणि गरजेपेक्षा जास्त रक्त काढले जात नाही ना, मूळव्याध किंवा पाळीचा अतिस्राव दुर्लक्षित नाही ना, हेही पाहावे.

तांबड्या पेशींच्या एका पिशवीने प्रौढ माणसाचे हिमोग्लोबिन साधारण एका ग्रॅमने वाढते. केवळ थकवा आहे म्हणून त्या एका ग्रॅमसाठी पिशवी सुचवली गेली, तर ‘रुग्ण प्रत्यारोपणाच्या तयारीत आहे, दुसरा मार्ग आहे का?’ असे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. परंतु जोरदार रक्तस्राव, छातीत दुखणे, धाप लागणे अशा प्रसंगी रक्त नाकारू नये. प्रतिपिंडांवर उपाय शोधता येतो. त्यासाठी रुग्ण आधी वाचायला हवा.

रक्त द्यावेच लागणार असेल तर पांढऱ्या पेशी काढलेले, म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड, रक्त मागावे. रक्तपेढीतच साठवणुकीपूर्वी गाळलेली पिशवी उत्तम. ती नसेल तर खाटेशेजारी लावायचा खास ल्युकोसाइट फिल्टर वापरतात. रक्त चढवण्याच्या नेहमीच्या नळीत जी जाळी असते ती फक्त गुठळ्या अडवते, पांढऱ्या पेशी तिच्यातून आरामात जातात. ‘सेटला फिल्टर आहेच की’ या उत्तरावर समाधान मानू नये. गाळलेल्या रक्तानेही धोका शून्य होत नाही, कारण प्लेटलेट्सवर आणि अल्प प्रमाणात तांबड्या पेशींवरही एचएलए असते. सायटोमेगॅलो विषाणूच्या संसर्गाची शक्यता मात्र गाळण्याने कमी होते. किरणांचा मारा केलेल्या, म्हणजे इरेडिएटेड, रक्ताचा हेतू वेगळा आहे. किरणांमुळे एचएलए प्रतिपिंडे रोखली जात नाहीत.

सर्वांत जपण्याची गोष्ट नात्यातील रक्ताची. भाऊ, पत्नी, मुलगा धावून येतात आणि ‘माझेच रक्त द्या’ म्हणतात. भावना मोठी असली तरी उद्याच्या संभाव्य दात्याचे किंवा त्याच्या रक्तातल्या नातेवाइकाचे रक्त रुग्णाला चढवू नये, कारण त्या विशिष्ट एचएलएविरुद्धच प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. बदली रक्तदाता म्हणून रक्तपेढीला रक्त देण्यास हरकत नाही, फक्त तीच पिशवी आपल्या रुग्णाला दिली जाणार नाही, याची रक्तपेढीकडून खात्री करून घ्यावी. मुले झालेल्या स्त्रीच्या बाबतीत ही काळजी दुप्पट हवी. गर्भारपणात तिच्या शरीराने पतीच्या एचएलएची ओळख आधीच करून घेतलेली असते. त्यात पतीचे रक्त चढवले की ती स्मृती पुन्हा जागी होते, आणि मग पतीच नव्हे तर वडिलांचा एचएलए गठ्ठा घेऊन जन्मलेली तिची मुलेही दाता म्हणून बाद होऊ शकतात. आईला मुलाची किडनी सर्वांत जास्त जुळेल, असे मानणाऱ्या कुटुंबाला क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आल्याचा धक्का बसतो, तो बहुधा यामुळेच.

पायरी ६ : क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला तर

पहिला पर्याय म्हणजे घरातील दुसरा दाता. दुसरा पर्याय अदलाबदलीचा : दोन कुटुंबांतील दाते परस्परांच्या रुग्णांना किडनी देतात. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा आहे, त्यात २०११ च्या दुरुस्तीने जवळच्या नातेवाइकांमधील अशा अदलाबदलीला मान्यता मिळाली आणि आजी-आजोबा व नातवंडे यांचाही जवळच्या नातेवाइकांत समावेश झाला. तिसरा पर्याय प्लाझ्मा बदलणे, इम्युनोग्लोब्युलिन आणि इतर औषधे यांनी प्रतिपिंडे कमी करण्याचा. तो खर्चिक आहे आणि नंतर नकाराचा धोका तुलनेने जास्त राहतो. माझा कल अदलाबदलीकडे आहे, कारण तिच्यात प्रतिपिंडांशी झुंजण्याऐवजी त्यांना वळसा घालता येतो. आपल्या रुग्णालयात अशी यादी ठेवली जाते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे.

पायरी ७ : प्रतीक्षा यादीत असताना

महाराष्ट्रात मृत दात्याच्या अवयवासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत विभागीय समितीकडे, म्हणजे झेडटीसीसीकडे, नोंदणी होते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार केंद्रे आहेत. किडनी उपलब्ध झाल्यावर बहुधा एकाहून अधिक रुग्णांना बोलावले जाते आणि त्याच रात्री क्रॉसमॅच होतो. बोलावणे आले म्हणजे किडनी मिळालीच असे नाही, पॉझिटिव्ह आलेल्याला परतावे लागते. दरम्यान ठरलेल्या वेळी रक्तद्रवाचे नवे नमुने देत राहावे. दुसऱ्या गावी एखाद्या आजारपणात रक्त चढवले गेले, तर परतल्यावर त्याची नोंद वहीत आणि समन्वयकाकडेही करावी.

पायरी ८ : प्रत्यारोपणानंतर

शस्त्रक्रियेनंतरही रक्ताविषयीचे हेच नियम लागू राहतात, गरज पडल्यास गाळलेलेच रक्त घ्यावे. टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे ठरलेल्या वेळी आणि न चुकवता घेणे येथे जुळणीइतकेच मोलाचे आहे, कारण डोस चुकू लागले की दात्याच्या विसंगत प्रतिजनांविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होतात आणि ती किडनीला हळूहळू, लक्षणे न दाखवता झिजवतात. दुसऱ्या डॉक्टरने ब्रँड बदलला तरी प्रत्यारोपण पथकाला विचारूनच तो घ्यावा. आणि काही वर्षांनी किडनी थकून पुन्हा डायलिसिसची वेळ आली, तर या औषधांचा आता काय उपयोग म्हणून ती स्वतःहून बंद करू नयेत. ती थांबल्यावर प्रतिपिंडे झपाट्याने वाढू शकतात, म्हणून दुसऱ्या प्रत्यारोपणाचा विचार असल्यास कोणते औषध किती काळ चालू ठेवायचे, हे पथकाकडून लेखी घ्यावे.